चिंध्यांचा कोट

गोधडी उन्हात टाकायला गेले की माझा अर्धा तास जातो. झटकायचं राहतं बाजूला, मी तुकडे ओळखत बसते. हे आजीचं इरकल, हा काकाचा लेंगा, हा माझा चौथीतला फ्रॉक. त्याचा खिसासुद्धा उसवलेला नाही, तसाच धावदोऱ्यात घेतलाय. परवा हे चाललेलं असताना मोबाइलवर अमेरिकन गायिका डॉली पार्टन गात होती आणि गाणं नेमकं चिंध्यांच्या कोटाचं.

डॉली १९४६ मध्ये जन्मली, अमेरिकेतल्या टेनेसीच्या डोंगरात, एका खोलीच्या घरात. बारा भावंडांतली चौथी. बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरला वडिलांनी मक्याच्या पिठाचं पोतं दिलं. थेट बलुतंच! आईने चिंध्या जोडून तिला कोट शिवला, तो घालून पोर मिरवत शाळेत गेली आणि पोरं फिदीफिदी हसली. मी तर हॉस्टेलवर हीच गोधडी पलंगपोसाखाली लपवायचे.

१९६४ मध्ये शाळा संपली आणि दुसऱ्याच दिवशी ती नॅशव्हिलला, म्हणजे तिकडच्या गाणाऱ्यांच्या शहरात निघाली. सोबत मळक्या कपड्यांचं बोचकं. ते धुवायला लाँड्रीत गेली तर तिथेच कार्ल डीन भेटला, तोच पुढे नवरा झाला. १९६७ पासून ती गायक पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमात गाऊ लागली. पोर्टरचे सूट म्हणजे खड्यांनी लखलखणारे. एकदा दौऱ्यावर, बसमध्ये तिला हे कोटाचं गाणं सुचलं, पण जवळ कागद नाही. मग पोर्टरच्या ड्रायक्लीनिंगच्या पावतीवरच लिहून काढलं. चिंध्यांचं गाणं, लखलखत्या सुटांच्या पावतीवर! मला गाण्याइतकीच ती पावती आवडते.

१९७४ मध्ये ती पोर्टरपासून वेगळी झाली, निरोपाचं गाणं लिहूनच. 'आय विल ऑलवेज लव्ह यू' ते हेच. तेव्हाचा बडा गायक एल्व्हिस प्रेस्ली, त्याला ते गायचं होतं, पण त्याच्या मॅनेजरने प्रकाशनाचे अर्धे हक्क मागितले. डॉली नाही म्हणाली आणि रात्रभर रडली. मी असते तर हक्क देऊन वर पेढे वाटले असते. पुढे १९९२ मध्ये गायिका व्हिटनी ह्यूस्टनने ते गायलं. अमेरिकेत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं आणि हक्क सगळे डॉलीचेच.

गाणं संपलं तेव्हा मी फ्रॉकच्या त्या खिशात बोट घालून पाहिलं. आत आणखी एक निळी चिंधी होती. ती कुणाची, काही केल्या ओळखू येईना.