माळ्यावरचा खोका आणि फुगलेली बॅटरी

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक खोका निघाला, त्यात तीन जुने बटणांचे मोबाईल, दोन रिमोट, चार्जरच्या वायरींचा नुसता गुंता, एक गेलेला सीएफएल बल्ब, आणि एका फोनची बॅटरी तर पुरीसारखी टम्म फुगलेली. आईनी "कधीतरी लागेल" म्हणून वर्षानुवर्षं जपलेलं सगळं. मी वायरी भंगारवाल्यासाठी बाजूला काढल्या आणि बॅटरी न् सीएफएल सुक्या कचऱ्यात घालून खाली नेलं.

कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंनी पिशवी उघडली आणि थांबल्या. म्हणाल्या, "हे यात नका टाकू हो, आम्ही हातानीच निवडतो." आणि बोटावरचा व्रण दाखवला, कोणाच्या तरी फुटक्या ट्यूबलाईटनी कापलेलं. मला खरंच लाज वाटली, पुण्यात राहून ओला-सुका वेगळा करतो म्हणजे आपलं काम झालं असंच मी समजत होते.

मग घरी येऊन वाचत बसले. सीएफएलमध्ये थोडा का होईना पारा असतो, फुटला की वाफ होऊन हवेत. लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली, टोचली गेली की आतल्या आत शॉर्ट होऊन पेटते, आणि विझली असं वाटल्यावर परत पेटू शकते. वायरींचं तर मला माहीतच नव्हतं, तांब्याला भाव असतो आणि वरचं प्लास्टिक काढायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे जाळणं, त्या धुरात डायऑक्सिन नावाची विषारी रसायनं. दिल्लीत सीलमपूरला, मुरादाबादला रामगंगेच्या काठी हेच वर्षानुवर्षं चाललंय, फोन-कॉम्प्युटरमधले सर्किट बोर्ड जाळायचे, ॲसिडमध्ये बुडवायचे, उरलेलं नाल्यात नाहीतर नदीत. यात भंगारवाल्याला मी दोष देणार नाही, तो आपल्याकडूनच तर घेतो, आणि तो धूर आधी त्याच्यासारख्यांच्याच छातीत जातो. 2022 मध्ये जगभरात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम 22 टक्के नीट गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे.

आपल्याकडे 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांवरच रिसायकलिंगची जबाबदारी आहे. चार्जर उलटा करून बघा, फुली मारलेल्या कचराकुंडीचं बारीक चित्र असतं, म्हणजे हे नेहमीच्या कचऱ्यात टाकू नका. इतकी वर्षं चार्जर वापरतेय, कधी लक्षच गेलं नाही!

मी बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावली, वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा गॅलरीत सावलीला ठेवला (फुगलेली बॅटरी टोचायची नाही, चार्जिंगला तर अजिबात लावायची नाही). फोनमधली सिमकार्डं काढली, फोटो पुसले. शनिवारी अधिकृत कलेक्शन सेंटरला सगळं देऊन आले, आणि आता सोसायटीच्या गेटपाशी ई-कचऱ्याचा वेगळा डबा ठेवायचं सेक्रेटरी काकांनी कबूल केलंय.

सेंटरला जायच्या आधी ताईंनी खोक्यात डोकावून विचारलं होतं, यातला बारीक पिनचा चार्जर चालतो का, सासूबाईंचा फोन जुना आहे. लावून बघितला, चालत होता. तेवढा त्यांना दिला.