आमची वाटचाल: प्रबंधाच्या टायपिंगपासून विभागाच्या ब्लॉगपर्यंत

नागपूरच्या धरमपेठेत एका झेरॉक्सवाल्याच्या अर्ध्या गाळ्यात आमचं काम सुरू झालं. एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि बाहेर पाटी: 'प्रबंध टायपिंग व बाइंडिंग'. मे महिन्यात कूलर लावला की कागद उडायचे, बंद केला की गिऱ्हाईक उठून जायचं. वेबसाइटची कामं पुढे भाचा सोबत आला तेव्हा घ्यायला लागलो. दवाखाने, मंगल कार्यालयं, एक संत्रा बर्फीवाला. त्यात सांगण्यासारखं फार नाही. खरं शिक्षण झालं ते २०१३ मध्ये, एका विद्यापीठाच्या विभागाचं काम घेतलं तेव्हा.

विभागप्रमुख मॅडमचा प्रबंध कधीकाळी मीच टाइप केला होता. त्यांनी बोलावलं आणि थेट मुद्द्यावर आल्या. "भाऊ, आम्हाले ब्लॉग पायजे. पण सगळ्यांचा मिळून एकच नको. प्राध्यापकांचे आपापले, आणि पोरं फील्डवर्कला जातात त्यांचं लेखन वेगळं."

पंधरा दिवस मी आणि भाचा सॉफ्टवेअरवर भांडत होतो. गूगलच्या फुकटच्या 'ब्लॉगर' सेवेवर दहा मिनिटांत काम झालं असतं, पण ते खातं कोणा एका सरांच्या जीमेलवर राहणार. सर निवृत्त झाले की चावी त्यांच्याच खिशात. भाच्याला द्रुपल हवं होतं, वेबसाइट चालवायचं एक सॉफ्टवेअर. नुकतंच शिकला होता ना! द्रुपल दणकटच आहे, त्याबद्दल वाद नाही, पण पेनड्राइव्हमध्ये लेख घेऊन येणाऱ्या सरांना ते समजावायला कोण बसणार? शेवटी वर्डप्रेस ठरलं, तेही तसंच पण वापरायला सोपं सॉफ्टवेअर, आणि त्याचं कारण एकच, मल्टिसाइट. २०१० मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून ही सोय मूळ वर्डप्रेसमध्येच आहे. सॉफ्टवेअर एकदाच बसवायचं आणि त्याच्या पोटात हवे तेवढे ब्लॉग काढायचे. प्रत्येक ब्लॉगच्या लेखांची टेबलं डेटाबेसमध्ये वेगळी, वापरकर्त्यांचं टेबल सगळ्यांना एकच. प्लगइन, म्हणजे वरून जोडायचे जादा भाग, टाकायचा अधिकार फक्त सगळ्या ब्लॉगांची चावी असलेल्या सुपर अ‍ॅडमिनला, म्हणजे कोणी उत्साहाने नको ते बसवून सगळ्यांचं बंद पाडू शकत नाही.

मॅडमचा प्रश्न मात्र सरळ होता. "हे फुकट आहे, तर तुम्ही पैसे कायचे घेऊन राहिले?" मी म्हटलं, विहिरीचं पाणी फुकटच असतं मॅडम, मोटार बसवायला माणूस लागतो. त्या हसल्या आणि लगेच दुसरा प्रश्न: उद्या बनवणाऱ्यांनी बंद केलं तर? इथे भाच्याचा अभ्यास कामी आला. वर्डप्रेसचा जन्मच तसा झालेला. बी२ नावाच्या सॉफ्टवेअरचं काम थंडावलं, तेव्हा २००३ मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी त्याचाच कोड घेऊन पुढे नेला. कोड कोणीही घेऊन बदलू शकतो असा जीपीएल परवाना असल्यामुळे ते जमलं. उलट २००४ मध्ये मूव्हेबल टाइप या दुसऱ्या ब्लॉग-सॉफ्टवेअरने परवान्याच्या अटी आणि दर बदलले, तर कितीतरी ब्लॉगवाले तिथून निघून वर्डप्रेसकडे आले. मॅडमनी हे टिपणात लिहून घेतलं. मग ३ कोटेशनं, समिती, सही, पुन्हा सही.

बसवायला तसा वेळ लागला नाही. प्रत्येक ब्लॉगला स्वतंत्र सबडोमेन (मूळ पत्त्याच्या आधी ब्लॉगचं नाव) द्यायचं तर डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीत, सगळ्या नावांना चालणारी वाइल्डकार्ड नोंद हवी, आणि त्यासाठी संगणक केंद्राकडे अर्ज करावा लागणार होता. अर्जाचा पुढचा प्रवास डोळ्यांसमोर आला आणि आम्ही सबडिरेक्टरीवर, म्हणजे मूळ पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ब्लॉगचं नाव, यावर भागवलं.

घाम काढला तो मराठीने. लेख आले कृतिदेवात, शिवाजी फॉन्टात. या फॉन्टांत अक्षरं इंग्रजीच्या घरात बसवलेली. पेस्ट केलं की पडद्यावर इंग्रजी खिचडी. वेबवर चालणाऱ्या युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर लावला तरी नजर ठेवावी लागे. 'विद्यार्थी' हा एकच शब्द घ्या. जुन्या फॉन्टात दिसतं तसं टाइप करायचं, म्हणजे पहिली वेलांटी 'व'च्या आधी आणि शेवटचा रफार 'थी'च्या नंतर. युनिकोडमध्ये वेलांटी 'व'च्या मागून येते आणि रफाराचा 'र्' 'थ'च्या आधी. कन्व्हर्टर यातलं एक विसरला की विभागभर विद्यार्थ्यांची मोडतोड. प्रबंध टाइप करण्यात गेलेली वर्षं इथे वसूल झाली. चूक कुठे असणार ते डोळ्यांना आधीच कळायचं.

दुसरी गंमत लेखांच्या वेब-पत्त्यांची. एका मुलीने लिहिलं होतं, 'संत्र्याच्या बागांतील मजुरांचे स्थलांतर'. छान लेख. पण पत्ता 'संत्र्याच्या-बागांतील-मज' इथेच संपला! वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याला २०० खुणांची जागा देतं, आणि मराठीतलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, प्रत्येक हलन्त आतून ९ खुणांचा होतो. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. वर ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की टक्क्याच्या चिन्हांची माळ. तेव्हापासून आम्ही पत्ते रोमन लिपीत, तेही हाताने लिहितो. मराठीच्या अभिमान्यांनी माफ करावं.

एवढं सगळं निस्तरलं आणि ब्लॉग तीन महिन्यांत झोपला. कारण सॉफ्टवेअरमध्ये नव्हतंच. पोरांना आम्ही 'कॉन्ट्रिब्युटर' केलं होतं, म्हणजे लिहिता येतं, पण प्रसिद्ध करता येत नाही. ते बटण फक्त मॅडमकडे, त्यांचाच आग्रह. मॅडम पेपर तपासणीत अडकल्या, पुढे नॅकच्या, म्हणजे विद्यापीठांच्या मूल्यांकनाच्या, कागदांत. एके दिवशी मी आत शिरून पाहिलं तर मंजुरीच्या रांगेत ३७ लेख! संत्र्यांच्या मजुरांवरचा दुसरा भागही त्यातच. मी फोन केला, तर म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच दाबून टाका ना." मी नाही दाबलं. विभागाच्या नावावर काय छापायचं हे टायपिंगवाल्याने ठरवायचं का? एका तरुण सहायक प्राध्यापकाला 'एडिटर' करा, म्हणजे त्यालाही लेख प्रसिद्ध करता येतील, म्हणून मीच अर्ज लिहून दिला. महिन्याभरात रांग संपली.

बिल पुढच्या आर्थिक वर्षात निघालं, त्यावर जास्त बोलत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेस ५.० आलं, ब्लॉकवालं नवं एडिटर आलं आणि सकाळपासून फोन: "लिहायची पट्टीच गायब झाली!" जुनी पट्टी परत आणणारं 'क्लासिक एडिटर' प्लगइन बसवून दिलं, चहा प्यायला गेलो.

आता आम्ही चौघं आहोत आणि गाळा पूर्ण आमचा आहे. येत्या आठवड्यात दुसऱ्या एका विभागाची बैठक आहे. त्यांच्या कोटेशनच्या पहिल्या पानावर मी सॉफ्टवेअरचं नाव घातलेलं नाही. तिथे दोन रिकाम्या ओळी सोडल्यात: लेख प्रसिद्ध करणाऱ्याचं नाव, आणि ते रजेवर असतील तेव्हा कोण.