बशीएवढं हेलिपॅड
आज नाशिकरोडला मामांकडे त्यांचे दोन जुने सोबती आले होते. तिघेही आर्मी एव्हिएशनचे निवृत्त पायलट, तिघांनीही सियाचिनवर चीता हेलिकॉप्टर उडवलेलं. १९८४ च्या ऑपरेशन मेघदूतपासून, म्हणजे आपल्या सैन्याने सियाचिनचा ताबा घेतला तेव्हापासून, तिथल्या वरच्या चौक्या हेलिकॉप्टरच्याच भरवशावर आहेत.

मामांनी चहाची बशी टेबलावर पालथी घातली. "हे हेलिपॅड. दोन्ही बाजूंना दरी." मग तळहात हळूहळू खाली आणत बशीला जेमतेम टेकवला. २०,००० फुटांच्या आसपास हवा इतकी विरळ, की पंख्याला पुरेसा उठावच मिळत नाही. म्हणून वजन किलोकिलोने मोजायचं. कधी रॉकेलचा एकच जेरीकॅन न्यायचा, तेवढ्यासाठी दोन पायलट जीव पणाला लावणार! वर इंजिन बंद करायचं नाही, पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. सामान उतरवायचं आणि अर्ध्या मिनिटात निघायचं.

हिमदंश झालेल्या एका पोराला खाली आणल्याचं सांगताना मामा मध्येच थांबले. त्याने वाटभर त्यांच्या जॅकेटची बाही सोडली नव्हती म्हणे. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. इतक्या वर्षांत तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं.

बशी अजून तशीच पालथी आहे. मला उचलवली नाही.