दापोलीच्या पाणंदीसाठी थारचे टायर आणि मागचा लॉकर : माझा अनुभव

दापोली तालुक्यातल्या आमच्या सासरच्या कलमांच्या बागेत उतरायला एकच वाट आहे. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मधून पाणंद आणि तळाशी वहाळ. उन्हाळ्यात टेम्पोसुद्धा उतरतो. पाऊस लागला की ट्रॅक्टरशिवाय काही खाली जात नाही, आणि ट्रॅक्टर गेला की दोन खोल चाकोऱ्या पाडून जातो. खतं घालायचे दिवस नेमके तेच. माझी गाडी 2016 सालची महिंद्रा थार सीआरडीई (डिझेल), फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देता येणारी. मागे साधा डिफरन्शिअल, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारी गिअरची जोडणी, टायर कंपनीच्या मापाचे, 235/70 आर16. हीच गाडी पावसाळ्यात बागेपर्यंत न्यायची आणि एरवी पुण्यात रोज वापरायची, हे धरून मी टायर आणि लॉकर, म्हणजे गरजेला मागची दोन्ही चाकं एकत्र जखडणारा भाग, निवडले.

दुकानात जायच्या आधी टेप घेऊन पाणंदीत उतरलो. दोन चाकोऱ्यांच्या मधे जो उंचवटा राहतो त्याची उंची मोजली, मग गाडीखाली झोपून मागच्या डिफरन्शिअलचा गोळा, म्हणजे ॲक्सलच्या (चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) मधला फुगीर भाग, जमिनीपासून किती वर आहे ते मोजलं. थारखाली सगळ्यात आधी घासतो तो हाच. लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सस्पेन्शनचे भाग) घाला असं बरेच जण सुचवतात, पण त्याने बॉडी आणि चॅसी वर जाते, गोळा जिथल्या तिथे राहतो. ॲक्सल वर उचलायचा तर टायरचा व्यास वाढवण्याशिवाय इलाज नाही.

व्यासाचा हिशेब सोपा आहे. 235/70 आर16 मध्ये टायरची रुंदी 235 मिमी, साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची तिच्या 70 टक्के, म्हणजे 164.5 मिमी. ती वर आणि खाली अशी दोनदा धरायची आणि 16 इंच रिमचे 406.4 मिमी मिळवायचे. झाले साधारण 735 मिमी. 245/75 आर16 चा व्यास याच रीतीने 774 मिमी भरतो. फरक 39 मिमीच्या आसपास, आणि ॲक्सल वर जातो त्याच्या निम्मा, म्हणजे 19 मिमी. पाऊण इंच! एवढ्यासाठी एवढा खर्च का, असं घरून विचारलं गेलं. पण घासत जाणारा गोळा आणि जेमतेम सुटणारा गोळा यात तेवढंच अंतर असतं. उरलेला उंचवटा आम्ही कुदळीने उतरवला, आणि तो मार्ग टायरपेक्षा कितीतरी स्वस्त पडला.

याहून मोठं माप घ्यायचा आग्रह खूप झाला. मी तो मानला नाही. टायर रुंद आणि रिम बाहेर काढलेली असली की गाडी रुबाबदार दिसते हे खरं, पण आमच्या पाणंदीत साइडवॉल गडग्याला घासली असती, आणि जांभ्याचा तुटका कोपरा सुरीसारखा कापतो. शिवाय तिथली तांबडी माती वरवर निसरडी आणि खाली कातळ. अशा जागी अरुंद टायर वरचा गाळ कापून कठीण तळाला टेकतो. देशावरच्या खोल काळ्या मातीत मात्र तळ लवकर लागत नाही, तिथे पसरट टायर वर तरंगलेला बरा. त्यामुळे दुसऱ्याने कोणतं माप बसवलं यापेक्षा तो कुठल्या मातीत चालवतो हे आधी विचारावं.

नक्षी कुठली घ्यावी यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. एमटी, म्हणजे मड टेरेनचे मोठे ठोकळे चिखल झटकून टाकतात, आणि पाणंदीत तेच सरस. पण पुण्याहून दापोलीला मी ताम्हिणीने माणगावला उतरतो आणि पुढे मंडणगडवरून जातो. म्हणजे चिखलाच्या त्या थोड्या पट्ट्यासाठी अख्खा घाट भर पावसात, वळणावळणांच्या ओल्या डांबरावरून उतरायचा. ओल्या डांबरावर एमटीची पकड कमी आणि ब्रेक उशिरा लागतो. गाडीत मुलं असतात. मी एटी, म्हणजे ऑल टेरेन घेतले आणि त्या निर्णयावर मी ठाम आहे. चिखलातली कसर हवा कमी करून भरून निघते. पाणंदीच्या तोंडाशी मी हवा 18 पीएसआयवर आणतो, टायरचा जमिनीवरचा ठसा लांबतो आणि पकड येते. साध्या रिमवर 15 च्या खाली जात नाही, वळताना टायर रिमवरून सुटायची भीती असते. परत डांबराला लागायच्या आधी कंप्रेसरने पुन्हा हवा भरायची, यात हयगय नाही.

245/75 आर16 घेण्यामागे आणखी एक कारण होतं. 2020 च्या नव्या थारच्या एएक्स मॉडेलला महिंद्राने हेच माप दिलं, त्यामुळे ते सहज मिळतं. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो याचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नाही हे बघून घेतलं. माझ्या टायरवर 111 आहे, म्हणजे एका टायरला 1090 किलो. साइडवॉलवरच्या चार आकड्यांवरून तो कुठल्या आठवड्यात आणि कुठल्या साली तयार झाला तेही पाहिलं.

कायद्याचा विषय टाळता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल यांनी कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करायला आडकाठी घातली आहे. म्हणून टायर घेण्याआधी विमा कंपनीला माप लिहून कळवलं आणि त्यांचं लेखी उत्तर फाइलला लावलं. अपघातानंतर वाद घालण्यापेक्षा हे बरं.

टायर बसल्यावर पूर्ण स्टेअरिंग कापलं की आतल्या बाजूला हलकं घासत होतं. चाक किती वळावं हे ठरवणारा स्टॉपरचा बोल्ट थोडा बाहेर काढून ते थांबवलं, वळायला जागा किंचित जास्त लागते. परीघ पाच टक्क्यांनी वाढला, त्यामुळे काटा 80 दाखवतो तेव्हा गाडी 84 ने धावत असते.

गोळा आता सुटत होता, पण वहाळाच्या अलीकडे जांभ्याची एक तिरकी पायरी आहे. तिथे पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी उचललं जाई. सीआरडीईला पुढे टॉर्शन बारचं इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे (प्रत्येक चाक स्वतंत्र हलतं), त्याचा वरखाली झोका कमी, म्हणून चाक लवकर हवेत जातं. मेहुणा बाजूला उभा राहून ओरडायचा, "भाऊजी, ही दोन नुसती हवेत फिरतायत, त्या दोघांना पत्ताच नाही!" साध्या डिफरन्शिअलचं हेच आहे. तो दोन्ही चाकांना सारखा जोर देतो. हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही, मग जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे काहीच नाही. चढाला फोर-लो (फोर बाय फोरचा संथ, जोरकस गिअर) टाकून काय उपयोग? ॲक्सिलरेटर दाबत हँडब्रेक थोडा ओढला की मागच्या टेकलेल्या चाकाकडे जोर वळतो आणि कधी कधी निभावतं, पण खताची पोती भरलेल्या गाडीला तो रोजचा उपाय नव्हे.

एअर लॉकर हवेच्या दाबावर चालतो आणि लागेल तेव्हा बटणाने लावता येतो, फार देखणी वस्तू. पण कंप्रेसर, नळ्या, सील हे सगळं आलं. मी मेकॅनिकल लॉकर निवडला, कारण 2015 च्या फेसलिफ्टपासून याच थारला तो कंपनीकडून पर्यायात मिळत होता, भाग तंतोतंत बसणार होते. मागचा हाउसिंग उघडला तेव्हा मी गॅरेजमध्येच थांबलो. मिस्त्रींनी क्राऊन (डिफरन्शिअलचं मोठं दातेरी चक्र) लॉकरच्या नव्या केजवर, म्हणजे सांगाड्यावर चढवला, दातांना पिवळा रंग लावला, पिनियन (क्राऊनला फिरवणारं छोटं दातेरी चक्र) हाताने फिरवला आणि दातावर रंग कुठे पुसला गेला ते टॉर्च मारून दाखवलं. ठसा दाताच्या टोकाकडे सरकलेला होता. शिम (पातळ चकत्या) बदलून पुन्हा रंग, पुन्हा फेरा. डायल गेजवर बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, जमेपर्यंत हेच चाललं. इथे घाई केली की क्राऊन-पिनियन रडायला लागतात, म्हणून काम त्यांच्याच गतीने होऊ दिलं.

हा लॉकर आपोआप लागतो. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण 100 फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि दोन्ही ॲक्सल जखडले जातात. ताशी तीसेक किलोमीटरच्या वर तो लागत नाही. म्हणून चाक फिरताना दिसलं की पाय काढायची सवय मोडावी लागते. पाय स्थिर ठेवायचा, चाक सेकंदाला दीडेक फेरे घेतं, खालून ठक्कन आवाज येतो आणि गाडी पायरी चढते. त्या पायरीवर आता कोणाला ओरडावं लागत नाही. मात्र आडव्या निसरड्या उतारावर लॉक लागला तर मागची दोन्ही चाकं एकदम सुटून शेपूट खाली घसरतं. अशा जागी मी चाक फिरूच देत नाही. पुढच्या ॲक्सलला लॉकर घेतला नाही, स्टेअरिंग जड होतं आणि आमच्या वाटेला त्याची गरजही नाही.

स्टेपनीही त्याच मापाची पाचवी घेतली, जड टायर दाराच्या बिजागऱ्या सहन करतायत ना ते अधूनमधून बघतो. थारच्या फोर बाय फोरमध्ये पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधला डिफरन्शिअल नसतो. वेगळ्या व्यासाची स्टेपनी लावून फोर-हायमध्ये (फोर बाय फोरच्या नेहमीच्या गिअरमध्ये) डांबरावर चालवलं तर सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर देणाऱ्या गिअरपेटीवर येतो, म्हणून पाचही टायर आलटून पालटून फिरवतो, सगळे सारखेच झिजतात.