थंडीआधीच द्या: रोहू-कटल्याच्या खाद्यातलं ग्लुकन आणि व्हिटॅमिन सी

डिसेंबरात नागपूरकडच्या शेततळ्यांत रोहू-कटल्याच्या अंगावर लाल चट्टे दिसले, की प्रतिकारशक्तीच्या पुड्यांसाठी धावपळ सुरू होते. तेव्हा उशीर झालेला असतो. मासा शीतरक्ताचा, पाणी २० अंशांखाली गेलं की प्रतिपिंडं तयार होण्याचा वेग मंदावतो आणि भूकही मरते. खाद्याची गोळीच न खाणाऱ्या माशाला गोळीतलं काय लागू पडणार? म्हणून सुरुवात कोजागिरीच्या सुमारास, पाणी उबदार असतानाच करायची.

यीस्टच्या पेशीभित्तीतलं बीटा-ग्लुकन माशाच्या भक्षक पेशींना जंतू शिरल्यासारखं भासतं आणि त्या सावध होतात. बेकरीचं यीस्ट टाकून हे साधत नाही. अख्ख्या पेशीत ग्लुकन मॅनन या दुसऱ्या घटकाच्या थराखाली झाकलेलं असतं.

व्हिटॅमिन सी बहुतेक मासे स्वतः बनवू शकत नाहीत. जखम भरायला लागणारं कोलॅजन त्याच्याशिवाय नीट तयार होत नाही. साधं ॲस्कॉर्बिक आम्ल स्वस्त पडतं, पण ते पाण्यात विरघळून जातं आणि साठवणीत निकामी होतं. फॉस्फेट रूपातलं घ्या. त्यातही पाकिटावरची व्हिटॅमिन सीची टक्केवारी वाचा, कारण सगळा घोळ तिथेच होतो: १० किलो गोळीत किलोमागे ३०० मिलिग्रॅम द्यायचं, तर ३५ टक्क्यांची पावडर साधारण ९ ग्रॅम लागते, ३ नव्हे.

त्याच १० किलोला ग्लुकन १० ग्रॅम. दोन्ही पावडरी ३०० मिली थंड पाण्यात घोळून फवारणी पंपाने गोळीवर मारा, हाताने वरखाली करा, २० मिनिटं सावलीत ठेवा आणि मग २०० मिली सोयाबीन तेल चोळा. तेलाचा थर नसेल तर पावडर माशाच्या तोंडी लागण्याआधीच पाण्यात जाते. उन्हात वाळवू नका. मिसळलेलं खाद्य त्याच दिवशी संपवा. कोंडा-ढेपेच्या टांगत्या पिशवीत हा खर्च करूच नये, सगळं धुऊन जातं.

तळ्यात ८०० किलो मासा असेल, तर वजनाच्या २ टक्क्यांनी रोजचं खाद्य १६ किलो होतं. त्यावरून हिशेब करा. ग्लुकन दोन आठवडे द्या, दोन आठवडे थांबवा. सतत दिल्यास परिणाम बोथट होतो, कधी उलटतोही. व्हिटॅमिन सी मात्र चालू ठेवायला हरकत नाही.

खाद्याच्या पोत्याला बुरशीचा वास असेल, तर त्यावर पुड्या चढवू नका. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष यकृत बिघडवतं आणि प्रतिकारशक्ती दाबतं. असं पोतं फेकलेलंच बरं.