पाठीतलं पाणी आणि सेरुलोप्लाझमिनचा तो आकडा

गुरुवार होता, म्हणजे पुण्यात लाइट जायचा वार, त्यामुळे मी सकाळपासून उणे ८० च्या फ्रीझरकडेच बघत होते आणि एलायझाची, म्हणजे रंगावरून प्रोटीन मोजायच्या चाचणीची, प्लेट लवकर उरकायची घाई चाललेली. पाठीतल्या पाण्यात, म्हणजे सीएसएफमध्ये (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव), सेरुलोप्लाझमिन नावाचं प्रोटीन मोजायचं काम. रक्तातलं जवळजवळ ९५ टक्के तांबं याच प्रोटीनमध्ये असतं, एका रेणूत सहा अणू. पण खरी कामगिरी लोखंडाचं रूप बदलायची, फेरसचं फेरिक करायची, म्हणूनच ज्यांच्यात जनुकातल्या दोषामुळे हे प्रोटीन बनतच नाही त्यांच्या मेंदूत लोखंड साठत जातं.

अ‍ॅसिड घातलं, निळ्याचं पिवळं झालं, रंग किती गडद ते ४५० नॅनोमीटरवर वाचलं. बाकी सगळे लिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास आणि एकच पेशंट सरळ दुप्पट. ज्युनियर मुलगा खूश, "मॅडम, काहीतरी सापडलं!" मी म्हटलं थांब जरा, आधी सेल काउंट बघू, पाण्यात रक्त तर मिसळलं नाही ना.

कारण रक्तात हेच प्रोटीन लिटरला २०० ते ४०० मिलिग्रॅम असतं. हिशोब करा, एक मिलिलिटर सीएसएफमध्ये नुसता एक मायक्रोलिटर प्लाझ्मा गेला तरी आकडा ०.३ ने वर जातो, म्हणजे तीन-चार मायक्रोलिटरमध्ये दुप्पट, थेंबसुद्धा नाही तो! आणि आमच्याकडे ट्यूब येते ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून आलेली, लाल पेशी खाली राहिलेल्या, वरचं पाणी काचेसारखं स्वच्छ, डोळ्याला काय कळणार.

वॉर्डला फोन लावला. रेसिडेंट म्हणाला, "हो मॅडम, टॅप जरा ट्रॉमॅटिक होता, सुई टोचताना रक्त आलं, पहिली ट्यूब लालसर आली, तीच तुमच्याकडे पाठवली." आरबीसी, म्हणजे लाल पेशी, हजारोंनी. शेवटची ट्यूब त्यांच्याच फ्रीजमध्ये पडून होती, आमच्या मामांना पिटाळलं, ते कर्वे रोडच्या ट्रॅफिकमधून बर्फाच्या डब्यात ती घेऊन आले. परत लावली, डुप्लिकेटमध्ये, आकडा बाकीच्यांच्या रांगेत येऊन बसला. अल्ब्युमिनही बघितलं, रक्तात भरपूर असणारं दुसरं प्रोटीन, पहिल्या ट्यूबमध्ये तेही चढलेलं.

ज्युनियरचं तोंड उतरलं, त्याच्या डोक्यात बहुतेक पेपरचं टायटलसुद्धा तयार होतं. पहिल्या ट्यूबचा आकडा आम्ही अभ्यासातून काढला, रजिस्टरमध्ये कारण लिहून. आता सेल काउंट आल्याशिवाय सॅम्पल घेतच नाही, वॉर्डवाले वैतागतात, वैतागू देत.