फरक शून्य

दोन रुग्णांचे क्षयजंतू तंतोतंत सारखे निघाले, आणि त्या दोघांचा एकमेकांशी कसलाच संबंध सापडेना. प्रकरण कागदोपत्री कधीच मिटलंय. माझ्या डोक्यातून मात्र जात नाही.

मी शहराच्या आरोग्य विभागात रेणवीय साथरोगतज्ज्ञ आहे. जंतू माझ्या नजरेलाही पडत नाहीत. प्रयोगशाळेत वाढवलेल्या जंतूंचा जनुकीय क्रम फाइलमधून येतो, तो मी इतरांशी ताडून पाहते आणि कोणाचा आजार कोणत्या साखळीतला असावा हे क्षेत्रातल्या लोकांना सांगते. क्षयाच्या जंतूचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याचा सगळा जनुकीय मजकूर, पहिल्यांदा १९९८ साली प्रसिद्ध झाला. तो सुमारे ४४ लाख अक्षरांचा आहे. हा जंतू बदलतो फार सावकाश, साधारण दोन वर्षांत एखादं अक्षर. त्यामुळे फरक ५ अक्षरांपर्यंत असेल तर संसर्ग अलीकडचा धरायचा, १२ च्या वर गेला तर थेट संबंध सोडून द्यायचा, आणि मधल्या आकड्यांवर बैठकीत वाद घालायचा, असा आमचा रिवाज. जीनोमचा जवळपास दहावा हिस्सा, मुख्यतः पीई-पीपीई जनुकांचा, आम्ही तुलनेतून वगळतो. तिथे एकच मजकूर इतक्या वेळा येतो की वाचलेला तुकडा नेमका कुठला ते ठरत नाही आणि नसलेले फरक दिसू लागतात. हा भाग न वगळता काढलेले रंगीत वंशवृक्ष सादर करणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्यावर विश्वास ठेवून कोणाच्याही दारात आरोग्यसेविका पाठवू नये.

तर, पहिला रुग्ण मध्यमवयीन. फुप्फुसात पोकळी, बेडक्याच्या स्मिअरमध्ये, म्हणजे काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या थरात, जंतूंची गर्दी. दुसरी तरुण मुलगी, बरेच दिवस खोकला. तिचे तीन नमुने गेले होते. तिन्ही स्मिअर निगेटिव्ह, तीनपैकी एक कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची चाचणी, पॉझिटिव्ह. त्या एका कल्चरवर तिला चार औषधं सुरू झाली आणि घरातल्या लहान मुलाला प्रतिबंधक गोळ्या.

दोघांमधला फरक शून्य आला तेव्हा वरिष्ठांचं म्हणणं सरळ होतं: जीनोम खोटं बोलत नाही, भेट झालेली असणारच, पुन्हा जाऊन विचारा. आमची आरोग्यसेविका पुन्हा गेली. काम, प्रवासाचे मार्ग, दवाखाने, नातेवाईक, कोण कोणाच्या आजारपणात भेटायला गेलं, सगळं तिनं दोन्हीकडे विचारलं. परत येऊन म्हणाली, "मॅडम, ही दोन माणसं एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी राहिलेली नाहीत." तिचं विचारणं मी ऐकलेलं आहे. लोक तिला जे सांगतात ते डॉक्टरांनाही सांगत नाहीत. तिच्या नाहीवर माझा भरवसा होता, म्हणून मी शोध दुसऱ्या टोकाकडून सुरू केला.

आमच्या संगणकप्रणालीत अहवालाची तारीख असते, नमुन्यावर प्रक्रिया झाल्याची नसते. ज्यानं कोणी ही प्रणाली आखली त्यानं प्रयोगशाळेत एक दिवसही काढला नसावा. शेवटी रजिस्टरच्या पानाचा फोटो मागवला. दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच बॅचमध्ये. आधी त्याचा, काही ओळींनंतर तिचा.

इथे काय होतं ते सांगायला हवं. बेडक्यात इतर जंतूही असतात. ते मारण्यासाठी नमुन्यात सोडियम हायड्रॉक्साइड आणि बेडका पातळ करणारं एन-अॅसिटाइल सिस्टीन घालतात, ठरलेली मिनिटं थांबतात आणि मग त्या रसायनाचा जोर मोडणारा फॉस्फेट बफर ओतून ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. सगळा घोळ त्या बफरच्या बाटलीपाशी. प्रत्येक नमुन्यासाठी बफर वेगळा काढून ठेवायचा, एका वेळी एकच ट्यूब उघडायची, हे नियम आहेत. पण हाताखाली ट्यूबांची रांग असली की एकच मोठी बाटली फिरते. तिचं तोंड जंतूंनी भरलेल्या ट्यूबच्या काठाला नुसतं टेकलं किंवा थेंब उडाला, तरी पुढच्या ट्यूबमध्ये चार जंतू जातात. चार पुरतात. त्याची ट्यूब लवकरच पॉझिटिव्ह झाली होती. तिची, जंतू वाढतात का ते पाहण्याची ४२ दिवसांची मुदत संपत आली तेव्हा. मूठभर जंतू वाढायला इतका वेळ लागतोच.

प्रयोगशाळेचं उत्तर आलं: "आमच्याकडे असं होत नाही." असं सगळीकडे होतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पॉझिटिव्ह कल्चरपैकी खोट्या पॉझिटिव्हचं मध्यक प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं. एकही सापडत नसेल, तर कोणी शोधत नाही एवढाच त्याचा अर्थ.

उपचार करणारे डॉक्टर अडून बसले, कारण औषधांवर तिचा खोकला थांबला होता. मला त्यांचा राग आला नाही. खरा क्षय अर्धवट सोडणं किती महागात पडतं ते त्यांनी पाहिलेलं आहे. पण खोकला आपोआपही थांबतो, आणि तिच्या यकृताच्या चाचण्या बिघडू लागल्या होत्या. बाकीचे दोन नमुने, एक्स-रे, रजिस्टरचं पान, सगळं टेबलावर ठेवून औषधं थांबवायचं ठरलं. मुलाच्या गोळ्याही. तिनं आरोग्यसेविकेला विचारलं, "मग मला झालं काय होतं?" याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं.

मला छळतं ते पुढचं. आम्ही रजिस्टर मागवलं, कारण संबंध सापडला नाही. ही दोघं एका इमारतीत कामाला असती, तर शून्य फरक म्हणजे भक्कम पुरावा ठरला असता आणि तिनं सगळा कोर्स पुरा केला असता. शिवाय खऱ्या संसर्गातही शून्य फरक नेहमीचाच, तेव्हा शून्यावर सरसकट संशय घेऊनही चालत नाही. त्यात एका घरातली माणसं तपासणीला बहुधा एकत्रच येतात, त्यांचे नमुने एकत्र पोचतात आणि एकाच बॅचमध्ये जातात. म्हणजे गोष्ट जिथे सर्वांत पटते, तिथेच ही चूक लपायला सर्वांत जास्त जागा. त्यावर माझ्या जीनोमकडे काहीही उपाय नाही.

आता प्रक्रियेची तारीख आणि बॅच क्रमांक मी भांडून मिळवते आणि नावपत्ते उघडण्याआधी तो रकाना वाचते. स्मिअर निगेटिव्ह, कल्चर एकच आणि बॅचमध्ये तसाच जंतू असलेला दुसरा नमुना, असं दिसलं की वेगळ्या दिवशी घेतलेला दुसरा नमुना मागते. दवाखान्यांना हा ताप वाटतो, दोघा डॉक्टरांनी तसं लेखी कळवलंही आहे. जुन्या साखळ्याही तशाच तपासायला घेतल्या आहेत. एका घरातल्या दोन भावांपाशी येऊन थांबले आहे: फरक शून्य, बॅच एकच, धाकट्याचे उपचार केव्हाच पूर्ण झालेले. त्या महिन्याचं रजिस्टर प्रयोगशाळेला अजून सापडलेलं नाही.